‘बायसिकल थीव्हज’ म्हणजे फादर्स डेचं कार्ड नाही

आज सकाळी ग्रुपवर ‘बायसिकल थीव्हज’ या इटालियन सिनेमातला फोटो आला. फुटपाथच्या कडेला बसलेला आंतोनिओ, शेजारी त्याचा मुलगा, छोटा ब्रुनो. खाली लिहिलंय, ‘बाप कधीच हरत नाही’. त्यावर पन्नासएक बदाम. डोकंच फिरलं.

अरे, तो बाप हरतो! पार हरतो. स्टेडियमबाहेर दुसऱ्याची सायकल चोरायला जातो आणि पोराच्या डोळ्यांदेखत पकडला जातो, मार खातो. दिग्दर्शक डे सिकाने १९४८ साली, युद्धाने मोडलेल्या रोममध्ये हे दाखवलं, ते काय स्टेटसला लावायला?

माझे बाबा फिटर. त्यांना हा सिनेमा मीच ओढून दाखवायला नेला होता. आंतोनिओला पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं, पण अट अशी की सायकल स्वतःची हवी, आणि ती तर गहाण पडलेली. मग ती सोडवायला त्याची बायको मारिया हुंड्यात आणलेल्या चादरी बांधून गहाण टाकायला नेते. तेव्हा बाबा हळूच म्हणाले, “काम त्यांचं, मग सायकल ह्याची का?”

बस्स. अख्खा सिनेमा या एका प्रश्नात आहे. बाबांनीही कामाचे पाने-पक्कड स्वतःच्या पैशाने घेतले होते, आईची पाटली मोडून.

त्या गहाणखान्यात कारकून चादरींचं गाठोडं घेऊन वर चढतो, चढतच जातो. फळ्यांवर छतापर्यंत गाठोडीच गाठोडी. म्हणजे किती घरांतले पलंग उघडे पडले असतील! कुणी घोषणा देत नाही, झेंडा नाही. पुढे ती सायकल चोरीला जाते, तेव्हा पोलीसचौकीत तर पत्रकाराला सांगतात, काही विशेष नाही, एक सायकल गेलीय. याहून मोठा निषेध कुठला असतो?

हो, बापलेकाची गोष्ट आहेच. शेवटी ब्रुनो हात धरतो तेव्हा बाबाही रडले, मीही. पण नुसतं रडून घरी जायचं आणि बाबांचा प्रश्न तिथेच टाकून यायचा, हे मला पटत नाही. आज दारात जेवण घेऊन येणाऱ्या पोरांनाही गाडी स्वतःचीच लागते, हप्ता स्वतःचाच. त्यांना तो प्रश्न समजावून सांगावा लागणार नाही.

आणि आंतोनिओ झालेला लाम्बेर्तो माज्जोरानी नट नव्हताच, रोममधल्या कारखान्यातला कामगार होता. सिनेमा जगभर गाजला. तो कामावर परतला, आणि पुढे कारखान्याने त्यालाच कामावरून कमी केलं.