30 आकडे जमले म्हणून डेटा नॉर्मल होत नाही

अप्रेझलचा सीझन आला की एक मेसेज फिरतोच: 'काहीही मोजा, 30 च्या वर आकडे झाले की बेल कर्व्ह येणार, हा निसर्गाचा नियम आहे, म्हणून प्रत्येक टीममध्ये खालचे 10 टक्के असतातच.' बेल कर्व्ह म्हणजेच नॉर्मल डिस्ट्रिब्युशन: मधे गर्दी आणि दोन्ही बाजूंना सारखाच उतरत जाणारा घंटेसारखा ग्राफ. यावर लोकांची इन्क्रिमेंट ठरतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'काहीही मोजा' इथेच गडबड आहे. मोठ्या माणसांची उंची, बायकांची वेगळी पुरुषांची वेगळी घेतली तर, बऱ्यापैकी नॉर्मल येते कारण तिच्यात बारीकसारीक कारणांची बेरीज होते. पगार टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तिथे गुणाकार चालतो, त्यामुळे बहुतेक लोक डावीकडे गर्दी करतात आणि थोडेसेच पार लांब उजवीकडे जातात. तिथे लॉग-नॉर्मल, म्हणजे आकड्यांचा लॉग घेतला की नॉर्मल होणारं डिस्ट्रिब्युशन, जास्त जवळ बसतं.

आता 30 चं. हा आकडा ज्याच्या नावावर खपवतात तो सेंट्रल लिमिट थिअरम (पुरेसे आकडे घेतले की त्यांची सरासरी नॉर्मलकडे झुकते हा नियम) सरासरीबद्दल बोलतो हो, मूळ आकड्यांबद्दल नाही! फासा 30 वेळा टाका नाहीतर 30 हजार वेळा, 1 ते 6 ला सारखाच चान्स, जितका जास्त टाकाल तितका ग्राफ सपाट होत जाणार. पण 30 वेळा टाकून सरासरी काढली, परत 30 वेळा टाकून परत काढली, असं खूपदा केलं आणि त्या सगळ्या सरासऱ्या मांडल्या तर 3.5 भोवती घंटा दिसते. कॉशी डिस्ट्रिब्युशनमध्ये (जिथे पार टोकाचे आकडे वरचेवर येतात) तर तेही होत नाही, हजार आकड्यांची सरासरी एका आकड्याइतकीच भरकटते. आणि 30 च्या खाली काही करताच येत नाही असंही नाही, डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतल्या गॉसेटने 1908 मध्ये 'स्टुडंट' नावाने लिहिलं ते लहान सॅम्पलसाठीच, 5 आकडे असतील तर सरासरीची 95 टक्के खात्रीची रेंज काढताना गुणक 1.96 ऐवजी 2.78 धरायचा.

टीमचा मुद्दा सगळ्यात वाईट. समजा अख्ख्या कंपनीत परफॉर्मन्स खरंच नॉर्मल आहे आणि 8 जणांची टीम चिठ्ठ्या टाकून निवडली. एकही जण खालच्या 10 टक्क्यांतला नसण्याचा चान्स म्हणजे 0.9 चा आठवा घात, साधारण 0.43. म्हणजे 100 पैकी 43 टीममध्ये 'खालचा' माणूस नाहीच! वर ही मंडळी इंटरव्ह्यूतून गाळून घेतलेली, डावीकडचे बरेचसे आधीच बाहेर राहिलेत. तरीही प्रत्येक मॅनेजरकडून एक नाव मागायचं असेल तर तो कंपनीचा नियम आहे, लोकांना तसं सरळ सांगा.