साडेसहा लाखांचा जमीनदार

“भाड्यातून हप्ता जातो, आपण फक्त मध्ये उभे राहायचे,” हे घरांतील गुंतवणुकीविषयीचे माझ्या मेहुण्याचे संपूर्ण तत्त्वज्ञान आहे. ठाण्यात नौपाड्यातील पागडीच्या दोन खोल्यांत राहून मी वीस वर्षांत साडेसहा लाख रुपये साठवले होते. तो आकडा ऐकताच त्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला, तो मी त्या वेळी आदर समजलो.

एका रविवारी बिल्डरच्या मोफत गाडीतून आम्ही उभयता घोडबंदर रोडला लागलो. जाहिरातीत स्टेशनपासून वीस मिनिटांवर असलेला प्रकल्प कासारवडवलीच्याही पुढे निघाला. मेट्रोचे खांब मोजत आम्ही तेथे पोहोचेपर्यंत सव्वा तास झाला होता, आणि परतीची गाडी त्यांचीच असल्यामुळे ‘आवडले नाही’ असे म्हणण्याची सोयही उरली नव्हती.

सॅम्पल फ्लॅट मात्र प्रशस्त वाटला. तो तसा का वाटतो, हे माझ्या लक्षात आले नसते. पण हिने पर्समधून शिवणकामाची टेप काढली आणि वाकून पलंग मोजला. तो पाच फूट दोन इंच भरला. “अहो, तुमचे पाय गॅलरीत जातील,” ती म्हणाली. नंतर तिने कपाट उघडायचा प्रयत्न केला, तेव्हा ते भिंतीवर चिकटवलेले नुसते दारच असल्याचे उघड झाले. खोल्यांना मात्र एकही दार नव्हते. सेल्समनने घाईघाईने लिंबू सरबत मागवले.

सरबतामागोमाग कॉस्ट शीट आली. फ्लॅट 50 लाखांचा. त्याच्या 80 टक्के, म्हणजे 40 लाख, बँक देणार आणि 10 लाख आपण घालायचे. शिवाय ठाण्यात मुद्रांक शुल्क 7 टक्के, म्हणजे साडेतीन लाख. नोंदणी फी 30 हजार. आणि बांधकाम चालू असलेले, 45 लाखांवरचे घर म्हणून जीएसटी 5 टक्के, म्हणजे अडीच लाख. या रकमा कर्जाच्या हिशेबात धरल्या जात नाहीत, हे त्याने इतक्या हळू आवाजात सांगितले की मला ते दोनदा विचारावे लागले. मी बेरीज केली, तर ती 6 लाख 30 हजार झाली. म्हणजे माझी वीस वर्षांची पुंजी सरकारला चोख पुरत होती, वर 20 हजार उरत होते, फक्त त्यात घर कोठे नव्हते.

“केवळ मॅडमच्या नावावर घेतलेत तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे, सर,” सेल्समन म्हणाला. त्यानंतरचा अर्धा तास ही त्याच्याशी फार आपुलकीने बोलत होती.

“आणि भाडे किती येईल?” मी मेहुण्याला स्मरून विचारले.

“पंधरा हजार कुठे गेले नाहीत!”

साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी, 40 लाखांचा हप्ता 34 हजार 700 च्या आसपास बसत होता. मध्ये उभे राहायचे म्हणजे काय करायचे, ते मला तेव्हा कळले. उरलेले जवळजवळ वीस हजार दरमहा हातात घेऊन उभे राहायचे होते. टोकनसाठी चेकबुक घरी राहिल्याचे मी सांगितले. ते हिच्या पर्समध्ये, टेपच्या खालीच होते. पण ती काही बोलली नाही.

शेवटी सरकारचे देऊन उरणाऱ्या त्या काल्पनिक 20 हजारांचे मी रीटचे युनिट घेतले. रीट ही अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या, बहुतेक कार्यालयांच्या, इमारती बाळगणारी संस्था, आणि युनिट म्हणजे तिच्यातला छोटासा हिस्सा. ती भाड्यातून हाती येणाऱ्या वाटपयोग्य रकमेपैकी किमान 90 टक्के रक्कम युनिटधारकांत वाटते. 2021 पासून बाजारात एक युनिटसुद्धा घेता येते. मी घेतलेल्या माइंडस्पेस रीटकडे ऐरोलीतल्या इमारतीही आहेत, हे वाचून मी दुसऱ्याच दिवशी हिला वाशी लोकलने तिकडे नेले. गाडी ऐरोलीला थांबताच काचेच्या त्या उंच इमारतींकडे मी मालकाच्या नजरेने बोट दाखवले.

“यातले आपले किती?” तिने विचारले.

“जिन्याची एखादी पायरी असेल.”

तिने पर्समध्ये हात घातला. टेप बाहेर येण्याआधी सुदैवाने गाडी सुटली.