खरेदीखतात पाटल्या नव्हत्या

आज सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे नवे शेजारी पेढे घेऊन आले. गेल्या महिन्यातच त्यांनी तो फ्लॅट जुन्या मालकीणबाईंकडून विकत घेतला असून सध्या तेथे स्वयंपाकघराचे काम चालू आहे. माळ्याच्या फळ्या काढताना सुताराला अगदी आत, भिंतीलगत एक स्टीलचा डबा सापडला आणि त्यात चांदीची अत्तरदाणी, गुलाबदाणी व सोन्याच्या दोन बांगड्या निघाल्या. "घराबरोबर लक्ष्मीच चालत आली, वहिनी," असे ते म्हणाले. माझ्या तोंडात पेढा होता, त्यामुळे "मग त्यांना कळवलंत ना?" हे विचारायला मला थोडा उशीर झाला. मी जणू उसने पैसेच मागितले, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. जाता जाता सुताराचे मात्र तोंडभरून कौतुक केले: फार सरळ माणूस, डबा जसाच्या तसा हातात आणून दिला, त्याला पाचशे रुपये बक्षीस दिले.

सकाळपासून माझे डोके त्या पाचशे रुपयांपाशी अडले आहे. सुताराने तो डबा पिशवीत घालून नेला असता, तर हेच गृहस्थ तासाभरात इंदिरानगरच्या पोलीस ठाण्यात उभे राहिले असते. सुताराने ठेवली तर चोरी आणि मालकाने ठेवली तर लक्ष्मी, हा हिशेब मला तरी समजत नाही.

आम्ही आमचा फ्लॅट २००९ साली असाच जुना घेतला. देव्हाऱ्यासाठी केलेल्या कोनाड्याचा खण अडकत होता म्हणून ह्यांनी तो ओढून काढला, तर मागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. आत जुन्या नऊवारीच्या काठाच्या तुकड्यात गुंडाळलेल्या चार पाटल्या आणि बाळाचे चांदीचे वाळे होते. वाळ्यांतला एक घुंगरू तुटलेला होता आणि त्या जागी काळा दोरा बांधलेला होता. गृहकर्जाचा पहिला हप्ता भरून आमचे खाते जवळजवळ रिकामे झाले होते, हेही सांगून टाकते. रात्रभर तो डबा आमच्या उशाशी होता आणि आम्ही दोघेही जागे होतो. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून नाशिकरोडला गेलो, कारण घर विकल्यानंतर त्याच्या जुन्या मालकीण, म्हणजे आजी, तिकडे लेकीकडे राहायला गेल्या होत्या.

शेजारी म्हणतात की त्यांच्या खरेदीखतात "जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप" असे सारे, म्हणजे दडवलेले धन आणि ठेवसुद्धा, लिहून मिळाले आहे. ही शब्दांची माळ आपल्याकडे दानपत्रांच्या आणि इनामांच्या काळापासून चालत आली असून लेखनिक ती आजही, तिसऱ्या मजल्यावर ना तरू असतो ना तृण, तरी डोळे मिटून उतरवतात. जी वस्तू आपण मागे विसरलो आहोत हेच विकणाऱ्या बाईला ठाऊक नव्हते, ती तिने विकली कधी? मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा घरासोबत कुलपे, किल्ल्या, दारे, खिडक्या आणि घराच्या कायमच्या वापरासाठी बसवलेल्या वस्तू देतो. बांगड्या कोणत्या दाराला बसवलेल्या असतात? गुप्तधनाचा १८७८ चा कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले की जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो, पण तो जमिनीत किंवा तिला जोडलेल्या बांधकामात दडवलेल्या, वाली नसलेल्या ठेव्यासाठी आहे. येथे मालकीण पुण्यात लेकाकडे आहे आणि तिची सही यांच्याच कागदावर आहे. मालक कोण हे माहीत असून वस्तू पचवणाऱ्यासाठी आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१४ आहे. खरे तर हे सारे मला काढावे लागते, याचाच मला राग येतो.

एवढे मान्य करते की जुना पंखा, पडद्याच्या दांड्या आणि रद्दी यांसाठी कोणी फोन करत बसत नाही. आम्हीही केला नव्हता. जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्याच्या भिंतीत चार पिढ्यांपूर्वीचे काही निघाले, तर प्रश्न अवघड आहे, हेही खरे.

आणि परत केल्याने माणसे पाया पडतात, असेही नाही. आजींनी त्या दिवशी पाटल्या मोजल्या, तळहातावर तोलल्या आणि विचारले, "यात माझी एकदाणी पण होती ना?" आम्ही नाही म्हणालो. त्या पुढे काही बोलल्या नाहीत आणि लेकीने चहालाही विचारले नाही. परतताना द्वारका चौकापर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत आणि मी रिक्षातच रडले. पुढे कित्येक वर्षे तो संशय मला सलत राहिला, आणि "कशाला गेलो आपण" असे मी ह्यांना एकदा नव्हे, अनेकदा म्हटले आहे.

आता हे लिहिताना मात्र मला त्यांचा हात आठवतो आहे. पाटल्या बाजूला ठेवून त्या वाळ्याचा काळा दोरा अंगठ्याने चाचपत होत्या. यजमान गेल्यावर दोन महिन्यांत मुलांनी घर विकायला काढले होते आणि सामान बांधायला माणसे आली, तेव्हा आजींना आधीच लेकीकडे नेऊन सोडले होते. स्वतःच्या देव्हाऱ्याचा खण उघडायला त्यांना कोणी वेळच दिला नव्हता. एकदाणी त्या घाईत कोणाकडे गेली, हे त्यांना खरे तर आम्हाला विचारायचे नव्हते. पण विचारायला समोर आम्हीच होतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंचेही घर मुलानेच आवरले. त्या स्वतः शेवटच्या दिवशी फक्त सही करायला आल्या होत्या.

पेढ्यांचा पुडा तसाच ओट्यावर आहे. मी तीन वर्षे सोसायटीची सचिव होते, त्यामुळे त्यांच्या मुलाचा क्रमांक माझ्या वहीत आहे. संध्याकाळी पुडा आणि क्रमांक दोन्ही घेऊन वर जाणार आहे. ही पोस्ट शेजारी वाचतील, हे मला ठाऊक आहे. रविवारपर्यंत त्यांनी फोन केला नाही, तर मी करीन.