दोघा नायकांची कादंबरी लिहायची म्हणता?

जरूर लिहा. एक शेफ, एक रँचर म्हणजे गुराघोड्यांच्या कुरणाचा मालक, दोघंही पुरुष आणि शेवट गोड. तिकडे अमेरिकेत अशा कादंबऱ्यांचा रतीब चालतो, मग खानदेशानंच कोणाचं काय घोडं मारलंय? फक्त थोडी पथ्यं पाळा.

हजार एकरांचं कुरण शोधत शहादा-शिरपूरकडे हिंडू नका. मिळाली तर पाच एकर मिळेल, त्यातही भावकीची केस चालू असेल. रँचरला सरळ घोड्यांच्या धंद्यात घाला. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, मारवाडी, काठेवाडी जनावरं उतरतात, तिथं त्याचा तंबू ठोका. गिऱ्हाईक आधी दात बघतं, मग चाल, मग गळ्याखाली हात घालून देवमण, म्हणजे शुभ भोवरा, चाचपतं. केसांतला एवढासा भोवरा हेरणारी ही माणसं! पण त्याच तंबूत एका गोधडीत झोपलेले दोन गडी बघून एवढंच म्हणतील, "औंदा थंडी भलती शे." तुम्ही उगाच घाबरता.

डोक्यावर काउबॉयची टोपी मात्र नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढं जातो, तिथं प्रेमसुद्धा डोक्याला रुमाल बांधूनच करावं लागतं. बर्फाच्या वादळात दोघं खोपटात अडकले, हा त्या कादंबऱ्यांचा हुकमी प्रसंग. आपल्याकडे ती सोय वीज कंपनीनं केलेली आहे. कृषिपंपाला रात्रीच्या पाळीची लाईट आली की केळीला पाणी द्यायला मळ्यात जावंच लागतं. दोघं का गेले, असं कोणी विचारत नाही. उलट एकटा गेला तर ओरडा बसतो, बिबट्या फिरतोय म्हणून.

आता शेफ. तो यावलकडचा असू द्या, पुण्याच्या हॉटेलात राबून गावी परतलेला. आई पाहुण्यांना "पोरगा मॅनेजर होता" असं सांगेल, कारण बाप्या माणसानं स्वयंपाक करणं बरं दिसत नाही. याला अपवाद फक्त भरीत पार्टीचा. हिवाळा लागला की घरी चहाचं पातेलं कुठं असतं हेही ठाऊक नसलेले बाप्ये मळ्यात पऱ्हाट्या पेटवतात, हिरवी वांगी धगीत लोळवतात, बोटं भाजत सालं सोलतात आणि मिरची-लसूण घालून लाकडी बडजीत घामाघूम होईतो ठेचतात. बायका घरी. मध्यरात्रीपर्यंत नुसते पुरुष, गळ्यात गळे आणि कळण्याच्या पुऱ्या. तुमच्या नायकांची पहिली नजरानजर इथंच घडवा. शेफ खरपूस सालाचा एक बारीक तुकडा मुद्दाम भरतात राहू देतो, म्हणतो धुराचा वास टिकतो. रँचर तो ताटात बाजूला न काढता खातो. एवढं पुरे. चुंबनासाठी मध्ये दोनशे पानं जाऊ द्या, "जेवना का रे?" एवढ्यावर वाचकाचं भागतं.

दोघं लग्न का करत नाहीत, ही पंचाईत तर गावानंच सोडवलेली आहे. शेतीवाल्याला पोरगी देतं कोण? २०२२ साली सोलापुरात बिनलग्नाची पोरं नवरदेव बनून घोड्यावरून कलेक्टर कचेरीवर गेली होती, बायको द्या म्हणत. आपला रँचर अशा मोर्चाला घोडे भाड्यानं देईल. वर गाव त्याचीच कीव करील.

मग प्रकाशक भेटतील. ते म्हणतील, विषय धाडसी आहे, पण शेवटी एकाला मारा. तापीच्या पुलावर ट्रक आणा, निदान काविळीनं तरी जाऊ द्या. दोन पुरुष प्रेमात पडून मेले तर मराठी समीक्षक हळहळतो. ते जगले, वाढत्या वयात गुडघा धरून कुरकुरले आणि मक्याच्या भावावरून भांडले, तर मात्र संस्कृती बुडते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सुप्रीम कोर्टानं हे प्रेम गुन्ह्यातून बाहेर काढलं, असं त्यांना सांगून बघा. ते मान हलवतील आणि ग्रंथालयं हे पुस्तक घेतील का, असं विचारतील.

शेवट लग्नानं करावा म्हणाल, तर तो दरवाजा १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानं बंदच ठेवलाय. अशा लग्नाला मान्यता देणं संसदेवर सोपवून कोर्ट मोकळं झालं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, बस्ता, मानपान आणि जावयाचा रुसवा एवढी पानं वाचली. दोघांना बँकेत जॉइंट खातं काढायला पाठवा. कारकून नात्याचा रकाना बघून पेन थांबवेल आणि स्वतःच "मित्र" लिहून टाकील.

प्रकाशनाला अध्यक्ष शोधायला लांब जाऊ नका. अमळनेरला २०२४ मध्ये ९७ वं साहित्य संमेलन झाल्यापासून आपल्याकडे माईक सोडत नाहीत अशी माणसं मुबलक आहेत. अध्यक्ष पुस्तक वाचून येणार नाहीत. कृष्ण-सुदामा काढतील, हल्लीच्या पिढीत अशी निखळ मैत्री उरली नाही म्हणून गहिवरतील आणि कादंबरी दहावीच्या अभ्यासक्रमात लावा अशी मागणी करतील. तुम्ही हात जोडून बसा. खुलासा करायचाच असेल तर आधी पुस्तक अभ्यासक्रमात लागू द्या.