नोव्हाव्हॅक्सच्या शेअरबाबत खुलासा

‘नोव्हाव्हॅक्स या अमेरिकी लस कंपनीचा शेअर २०२० च्या आरंभी घेऊन नुसता ठेवणारे श्रीमंत झाले,’ हा फिरणारा दावा अर्धाच खरा आहे. सुमारे ४ डॉलरचा हा शेअर फेब्रुवारी २०२१ मध्ये ३०० डॉलरवर गेला खरा. परंतु पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ‘कोव्होव्हॅक्स’ नावाने बनवलेली कंपनीची कोविड लस मंजूर होऊनही २०२३ अखेर तो ५ डॉलरच्या आत आला होता, म्हणजे कमावले ते मध्येच विकणाऱ्यांनी. रोजची खरेदी-विक्रीही सुरक्षित नव्हती: फेब्रुवारी २०१९ मध्ये आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवरील लसीची चाचणी फसल्याचे कळताच भाव एका दिवसात निम्म्याहून खाली कोसळला, आणि अशा घसरणीत स्टॉप-लॉस (भाव ठरावीक पातळीला घसरताच शेअर विकण्याची आगाऊ सूचना) ठरलेल्या भावाला लागेलच असे नाही. त्यानंतर मे महिन्यात वीस शेअरांचा एक करण्यात आला. म्हणजे त्याआधीपासून शेअर ठेवणाऱ्यांकडे जुन्या १०० शेअरांचे पाचच उरले, हे मात्र दावा करणारे सांगत नाहीत.