केडगावचा उजेड

प्रभूवर विश्वास ठेवला की अंधार आपोआप सरतो, असं तुमच्या लेखात म्हटलंय. मी स्वतः चर्चला जाणारी, तरी हे पटलं नाही. पंडिता रमाबाईंचंच बघा. आईवडील दुष्काळात गेले, पुढे भाऊ, मग नवरा. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला म्हणून दुःख थांबलं नाही. पुण्यातली टीका तेवढी वाढली. तरी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना, विधवांना त्या घेऊन आल्या. १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्या करत असलेलं बायबलचं मराठी भाषांतर मात्र थांबलं नाही (वाचायला जड आहे, ते सोडा). पुण्याजवळच्या केडगावला अशा मुली-विधवांसाठी रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनवर एकदा लिहा ना, तिथलं काम अजून चालू आहे.