फुगलेलं दार आणि मुका सुतार

रात्री घर झोपलं की मी कानाला हेडफोन लावून एका जपानी सुताराला बघत बसतो. चाळीस मिनिटांच्या फिल्ममध्ये माणूस एक शब्द बोलत नाही, आमच्या कोकणीत म्हणतात तसा अगदी ओगी, गप्प. नुसता रंध्याचा सर्रर्र आवाज, आणि असा पापुद्रा निघतो की मागचं बोट दिसावं. तिकडे पातळ पापुद्र्यांच्या स्पर्धा भरतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. हे लोक दहाच्याही खाली उतरतात. खिळा कुठेच नाही. सांध्यात सांधा बसतो, वर एक टकटक, विषय संपला.

गोव्यात आमच्या डिचोलीच्या घराला आजोबांच्या वेळचं फणसाचं दार आहे. पावसात ते पाणी पितं आणि फुगतं. लाकूड उंचीला जवळजवळ वाढत नाही, आडवं सुटतं, आमच्या घराण्यासारखंच. जूनमध्ये मेस्ताला, म्हणजे आमच्या सुताराला, फोन केला. "फाल्यां येतां," उद्या येतो, म्हणाला. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली, गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या फळापानांच्या माटोळीचं सामान घेऊन येणारे दाराला खांदा लावून आत पडायला लागले, तरी ते फाल्यां उजाडेना. शेवटी मीच रंधा काढला.

फिल्ममधल्यासारखा ऐटीत स्वतःकडे ओढला. काही झालं नाही. जपानी रंधा ओढायचा असतो, आपला ढकलायचा. मुक्या फिल्ममध्ये हे सांगणार कोण? मग ढकलला, तर अंगठ्याएवढा पिवळाधमक ढलपा उडून आईच्या पानाच्या तबकात पडला.

"लाकडाच्या उलट्या रेषेनं मारतोयस," आई म्हणाली.

"अहो, दार आधी उतरवायचं तरी!"

सोप्यावर बसलेले शेजारचे काका तर आमच्या आजोबांपासून सुरू झाले.

चवथीच्या आदल्या दिवशी मेस्त उगवला. चहा घेतला, दार बिजागऱ्यांवरून उतरवलं. मी वापरलेलं पातं बघून मान हलवली, दगडावर घासलं, टिचक्या मारून बसवलं. मी तर दोन बोटं लाकूड काढा म्हणत होतो. त्यानं कडेला चार हात मारले आणि थांबला. जास्त काढलं तर उन्हाळ्यात दार आकसून फटीतून मांजर येईल, म्हणाला.

पण ते चार हात! तोच सर्रर्र. पापुद्रा उचलून मी उजेडात धरला, पलीकडची तुळस दिसली. मला राहवेना. "मेस्त, जपानमध्ये ना, हा रंधा उलटा चालतो. करवतसुद्धा ओढूनच. आणि त्यांचं होर्यूजीचं लाकडी देऊळ तेराशे वर्षांचं..."

मेस्तानं कानावरची पेन्सिल काढली, माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"भाई, मात्शें ओगी रावात."